बत्ताशाच्या पाच खोडी

मी खोगीर बोलतोय, आणि रागावून बोलतोय हे आधीच सांगून ठेवतो. फाटक्या छत्रीचं, जुन्या घड्याळाचं आत्मवृत्त तुम्ही शाळेत लिहिलं असेल. ती सगळी शेवटी डोळे पुसतात आणि तुम्हाला आशीर्वाद देतात. माझ्याकडून आशीर्वादाची अपेक्षा ठेवू नका. मला एका घोड्याची बाजू मांडायची आहे, आणि ती मांडताना माझा स्वतःचा गुन्हाही कबूल करायचा आहे.

तुमच्या बोलण्यात माझं नाव येतं तरी कधी? कुणी पान भरायला काहीबाही लिहिलं, की तुम्ही नाक मुरडून म्हणता, "नुसती खोगीरभरती आहे." म्हणजे माझ्या पोटात काय भरलंय याला काही किंमतच नाही! अहो, त्या भरतीवर घोड्याची पाठ अवलंबून असते आणि स्वाराची हाडंसुद्धा. पण हे तुम्हाला कोण सांगणार?

माझा जन्म कसबा पेठेतला. बजरंग नावाच्या कारागिराने मला शिवलं. त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या खोगिरं शिवायचे. माझ्या वेळेपर्यंत धंदा ढोलांच्या पट्ट्यांवर आणि कमरपट्ट्यांवर आला होता, तरी माझ्यासाठी त्याने तीन आठवडे घालवले. आत लाकडी सांगाडा, वर म्हशीचं कातडं, खाली घोड्याच्या पाठीवर टेकणाऱ्या दोन गाद्या आणि त्या गाद्यांत मेंढीची लोकर. लोकर भरून झाली की तो मला उलटं करायचा आणि डोळे मिटून गाद्यांवरून हात फिरवायचा. कुठे गाठ लागली, की सगळी लोकर बाहेर काढून पुन्हा पिंजायचा. बायको वैतागायची. तो म्हणायचा, "घोड्याला सांगता येत नाही. म्हणून आपण हाताने विचारायचं."

एवढं करून मी गेलो कुठे, तर शनिवार पेठेतल्या एका दिवाणखान्यात! आप्पासाहेब म्हणून एक गृहस्थ होते. घोडा नव्हता, घोड्यावर बसल्याची आठवणही नव्हती, पण भिंतीशी खोगीर हवं होतं. मला एका लाकडी घोडीवर चढवलं आणि शेजारी पाटी लावली : "हे खोगीर आहे, खुर्ची नव्हे. बसू नये." अकरा वर्षं मी त्या पाटीशेजारी काढली. पाहुणा आला की त्याला माझा इतिहास ऐकावा लागे. त्यातला निम्मा आप्पासाहेबांनी स्वतः रचलेला होता. चहा मात्र इतिहास संपल्यावर यायचा, तोही विचारून. पुढे आप्पासाहेब मुलाकडे फ्लॅटमध्ये राहायला गेले. तिथे चपलांच्या कपाटालाच जागा नव्हती, तर मला कुठली? मग मी विकला गेलो आणि शहराबाहेर मांजरी गावाला आलो.

मांजरीला उसाची शेतं संपून नवे टॉवर सुरू होतात, तिथे एक लहानसा रायडिंग क्लब आहे. सात घोडी, वाळूचं एक रिंगण आणि पत्र्याची सामानाची खोली. तिथे अकरा वर्षांनी पहिल्यांदा मला घोड्याची पाठ मिळाली. बत्ताशा त्याचं नाव. रंगाने पांढरट, उंचीने बेताचा, पोटाने गोल. त्याच्या पाठीवर टेकलो तेव्हा बजरंगने लोकर का पिंजली होती ते मला कळलं. मी तिथे नीट बसलो. त्यालाही मी बरा वाटलो असणार, कारण तो शांतपणे कडबा चघळत राहिला.

बत्ताशा रविराजने आपल्या मुलीसाठी विकत घेतला होता. रविराज म्हणजे मांजरीचाच शेतकरी. निम्मी जमीन टॉवरखाली गेली होती, उरलेल्या निम्मीवर ऊस होता. मुलगी संस्कृती, अकरा वर्षांची, काडीसारखी, आणि हट्टी. तिला शिकवायला क्लबचे दिग्विजय सर.

आता खरं बोलायचं तर बत्ताशा काही संत नव्हता. खोडी होत्या. दिग्विजय सरांनी सामानाच्या खोलीतल्या पांढऱ्या फळ्यावर त्या क्रमाने लिहून ठेवल्या होत्या. एक, तंग आवळताना पोट फुगवतो. म्हणजे असं की, मला बांधायचा पट्टा पोटाखालून घट्ट करायला घेतला, की हा श्वास भरून टमटमीत व्हायचा. पट्टा बांधून झाला की श्वास सोडायचा, आणि मी सैल होऊन एका बाजूला कलायचो. दोन, गवत दिसलं की मान खाली घालतो. तीन, रिंगणाच्या फाटकाजवळ आला की बाहेर ओढतो.

या तिन्ही खोडी मला मान्य आहेत. ऑफिसातून घरी जायची ओढ तुम्हालाही असते आणि वडापावची गाडी दिसली की तुमचीही मान वळते. दिग्विजय सरांनी संस्कृतीला उपायही चांगले सांगितले होते. "अगं, आधी थोडं आवळ. मग त्याला एक राउंड चालव. मग परत आवळ. किती वेळ श्वास धरून ठेवील?" फाटकाजवळ आलं की ती त्याला बाहेर ओढूही द्यायची नाही आणि त्याच्याशी भांडायचीही नाही. आधीच एक छोटा गोल घ्यायला लावायची. काम त्याचं, कल्पना हिची. पंधरा दिवसांत दोघांचं जमलं. मी दोघांच्या मध्ये असतो, त्यामुळे मला आधी कळतं. तिच्या मांड्या सैल पडल्या, त्याची पाठ सैल पडली.

मग एका रविवारी रिंगणाच्या कडेला ओलं गवत दिसलं. याने मान घातली खाली, आणि ती मानेवरून घसरत अलगद वाळूत. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. ती उठून हसायला लागली. पण पडण्याच्या आदल्याच दिवशी रविराजने तिचा घोड्यावरचा व्हिडिओ टाकला होता आणि तो सगळ्या भावकीने पाहिला होता. मग काय विचारता!

"दृष्ट लागली," असं निदान झालं. ते केलं प्रेमला आत्याने.

प्रेमला आत्या म्हणजे रविराजची थोरली बहीण. शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. मुलं उत्तरात "असं म्हणतात" लिहितात तेव्हा लाल पेनने "पुरावा?" असं लिहिणारी बाई. स्वतःला मूलबाळ नाही, संस्कृतीवर जीव ओवाळून टाकते. तिला रागवायचं ठरवलं तरी मला पूर्ण रागवता येत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

अमावस्येच्या दिवशी दुपारी ती सामानाच्या खोलीत आली. क्लबचा नियम होता, की घोड्याच्या अंगावर दोरा, लिंबू, मिरची काही बांधायचं नाही. म्हणून तिने मला उलटं केलं. बजरंगनंतर मला उलटं करणारी ती पहिलीच. माझ्या डाव्या गादीची शिवण तीन बोटं उसवली होती. तिने पर्समधून एक बिब्बा काढला. सुईने भोसकून काळ्या दोऱ्यात ओवलेला. तो तिने लोकरीत सारला आणि वरून दोन टाके घातले.

"आता कुणाची बिशाद आहे," असं म्हणून तिने मला नमस्कार केला.

मला नमस्कार! अकरा वर्षं पाटीशेजारी उभा असताना कुणी केला नाही.

बिब्बा तुम्हाला माहीत आहे. काळा, चपटा, दारावर टांगतात, गाडीला बांधतात, बाळाच्या पाळण्यालाही लावतात. त्यातलं तेल अंगाला लागलं की फोड येतात, हेही तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला दोन्ही गोष्टी माहीत असतात, पण त्या तुम्ही एकाच वेळी आठवत नाही. वर मुलगी बसणार, खाली घाम येणार, मधे भोसकलेला बिब्बा दाबला जाणार. आठवीच्या मुलालाही सुटेल असं हे गणित आहे.

चौथ्या दिवशी तेल गादीच्या कातड्यातून पाझरायला लागलं. ते माझ्यातूनच पाझरत होतं. माझ्या खाली घालायच्या कापडी पॅडवर रुपयाएवढा काळा डाग पडला. आठव्या दिवशी बत्ताशाच्या पाठीवर फोड आले. बजरंगने ज्या गादीवरून डोळे मिटून हात फिरवला होता, तीच गादी आता त्या जनावराला भाजत होती. मी ओरडू शकत नव्हतो, घसरून पडू शकत नव्हतो, कारण पोटाखालचा पट्टा आता फार चांगला आवळता येऊ लागला होता.

बत्ताशा उडायला लागला. डावीकडे वळायचं म्हटलं, की वजन डाव्या गादीवर यायचं, आणि तो पाठ वर फेकून दुगाण्या झाडायचा. संस्कृती दोनदा पडली. फळ्यावर चौथी खोड आली : "उडतो." संस्कृती त्याला खरारा करायला गेली, तर तो अंग चोरून बाजूला झाला. पाचवी खोड आली : "पाठीला हात लावू देत नाही."

अहो, म्हणजे रोग्याने दुखतंय म्हटलं, तर डॉक्टरने ती त्याची वाईट सवय म्हणून लिहून घ्यायची!

संस्कृतीने सांगितलं होतं. "सर, तो फक्त लेफ्टला वळतानाच उडतो. आणि त्याच्या पाठीवर बारीक फोड आहेत."

"माशा चावल्या असतील. पावडर टाक," दिग्विजय सर फोनमध्ये बघत म्हणाले. "हे बघ, ही इज टेस्टिंग यू. तू घाबरलीस हे त्याला कळलंय. आज तो जिंकला तर कायमचा जिंकला. स्टिक घे."

"पण सर..."

"तुला रायडर व्हायचंय ना?"

तिने छडी घेतली. डावीकडे वळताना तो उडाला आणि तिने मारली. एक, मग दुसरी. तिने मांड्या घट्ट आवळल्या होत्या, ते मला कळत होतं. खाली त्याची पाठ आक्रसत होती, तेही कळत होतं. मारणारी आणि मार खाणारा दोघंही निरपराध, आणि गुन्हेगार मधे बसलेला. रिंगणाच्या कडेला दिग्विजय सर टाळ्या वाजवत होते, "गुड! व्हेरी गुड!" उतरल्यावर ती सामानाच्या खोलीत आली, मला खुंटीवर टाकलं, आणि माझ्यावरच डोकं ठेवून रडली. मला इतकी चीड कधी आली नव्हती.

त्याच आठवड्यात प्रेमला आत्या पुतणीला न्यायला आली होती. खोलीत उभी राहून फोनवर कुणाला तरी सांगत होती, "अगं, बोटांना फोड आले होते. भांड्यांचा साबण बदलला तेव्हा कुठे बरे झाले." भांड्यांचा साबण! मी खुंटीवरून ऐकत होतो.

मग तो शनिवार आला. बत्ताशा असा उधळला, की माझा पट्टा तुटला आणि संस्कृती माझ्यासकट कुंपणावर आदळली. तिच्या हनुवटीला तीन टाके पडले. रविराज संध्याकाळी क्लबवर आला तो ठरवूनच.

"बास झालं. पोरीचा जीव काय वर आला न्हाय. वरातीला घोडी पुरवणारा एक जण हाय वळखीचा, त्यो पुढच्या रविवारी घिऊन जाईल."

"पप्पा, बँड वाजतो तिथे. फटाके असतात. तो घाबरेल," संस्कृती म्हणाली.

"आन् तू? तू पडलीस त्याचं काय?" रविराज ओरडला. मुलीची हनुवटी बघवत नव्हती त्याला. मग बहिणीकडे वळून तो म्हणाला, "आक्का, तेवढा खोगिराचा पट्टा शिवून आण. विकायचं तर धड विकू. तुटकं सामान देऊन आपलं नाव कशाला घालवायचं?"

नाव घालवायचं नाही म्हणून मी वाचलो. आणि मी वाचलो म्हणून बत्ताशा.

आप्पासाहेबांच्या पाटीच्या मागे बजरंगचा पत्ता होता, आणि ती पाटी माझ्याबरोबर येऊन सामानाच्या खोलीत पडून होती. बुधवारी प्रेमला आत्याने स्कूटर काढली. संस्कृती मागे बसली, मी तिच्या मांडीवर. कसब्याच्या बोळात स्कूटर शिरेना, म्हणून शेवटी मला दोघींनी उचलून नेलं.

बजरंग म्हातारा झाला होता. भोवती ढोलांचे पट्टे, हातात आरी. मला पाहून त्याने चष्मा वर केला.

"हे माझं आहे," तो म्हणाला. "पट्टा कसा तुटला?"

"घोडा उधळला," आत्या म्हणाली.

"उगाचच?"

"त्याला खोडी आहेत हो. पाच खोडी आहेत. रविवारी जाणारच आहे तो."

"घोड्याच्या पाच मोजल्यात. खोगिराच्या किती मोजल्यात?"

आत्याला राग आला असावा. बजरंगने मला उलटं केलं. डोळे मिटले आणि गाद्यांवरून हात फिरवला. उजवी गादी झाली. डावीवर हात मध्येच थांबला. त्याने डोळे उघडले, काळा डाग बघितला आणि नाक जवळ नेऊन वास घेतला.

"हा डाग धुऊन बघितलात?"

"मी बघितला," संस्कृती म्हणाली. "पॅडवर पण आहे. साबण लावला, लिंबू लावलं. जातच नाही."

"जाणार नाही. पूर्वी धोबी कपड्यांवर याच्यानेच खुणा करायचे." त्याने आरीने दोन टाके उसवले. काळ्या दोऱ्यासकट बिब्बा सतरंजीवर पडला. संस्कृती वाकली. "हात नको लावू, पोरी. उतेल, अंगावर फोड येतील. तुझा घोडा उतलाय तसा."

त्याने पकडीने बिब्बा उचलून उजेडात धरला. "खोगिरात मी काथ्या बघितलाय. एकदा तर जुनं लुगडं निघालं होतं. बिब्बा पहिल्यांदाच बघतोय. कुणाचं हे डोकं?"

बाहेर कुणीतरी ताशा तापवून वाजवून बघत होतं. मला वाटलं, आता ही बाई म्हणेल, "काय माहीत, क्लबमधल्या कुणाचं असेल." घोडा रविवारी जाईल, पोर दुसरं काही शिकेल, आणि आत्या आत्याच राहील. किती सोपं होतं. माणसं असंच करतात, मी पुष्कळ वर्षं त्यांच्यात काढली आहेत. संस्कृती बिब्ब्याकडे बघत होती. मग तिची नजर आत्याच्या उजव्या हाताकडे गेली. अंगठ्यावर आणि तर्जनीवर बऱ्या झालेल्या फोडांचे काळे वण होते.

आत्याने हात पदराखाली घेतला. मग पुन्हा बाहेर काढला.

"माझं," ती म्हणाली. "माझं डोकं."

"आत्या?"

"तू पडलीस ना तेव्हा... तुला काही होऊ नये म्हणून गं."

संस्कृती रडली नाही. हनुवटीवरच्या टाक्यांना हात लावत ती हळूच म्हणाली, "मी त्याला मारलं, आत्या. त्याला दुखत होतं आणि मी त्याला छडीने मारलं."

त्या विज्ञानाच्या बाईने पर्स उघडली. तिने तिथेच उभं राहून भावाला फोन लावला. रविराजचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

"बिब्बा? बिब्बा तर आपल्या जीपलाबी हाय की. जीपला कुठं काय झालं?"

"जीपला कातडी नसते, रवी," आत्या म्हणाली. "घोडा विकायचा नाही. त्या माणसाला नको म्हणून सांग. तुला जमत नसेल तर मी सांगते."

पलीकडून रविराज म्हणाला, "त्याच्या पाठीला काय लावायचं ते इचारून ये."

बजरंगने डाव्या गादीतली सगळी लोकर काढून टाकली, डागाचं कातडं कापून नवं घातलं, आणि ताजी लोकर पिंजून भरली. मी पुन्हा त्याच्या हाताखाली होतो. निघताना तो संस्कृतीला एवढंच म्हणाला, "चढायच्या आधी रोज हात फिरवायचा. डोळे मिटून."

बत्ताशाला जनावरांच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि दीड महिना पाठीवर काही ठेवायचं नाही असं बजावलं. दिग्विजय सरांनी ती पाठ वाकून नीट बघितली. नंतर त्यांनी फळ्यावरची चौथी आणि पाचवी खोड पुसली. बत्ताशाच्या मानेवर थोपटून "सॉरी, यार" म्हणाले. घोड्याची माफी मागायला मराठीत शब्द सापडला नाही, पण निदान मागितली. प्रेमला आत्या रोज शाळा सुटल्यावर यायची, मलम लावायची. पहिले आठ दिवस बत्ताशाने तिला जवळ येऊ दिलं नाही. ती दाराशी गवताची पेंढी घेऊन उभी राहायची. नवव्या दिवशी त्याने गवत खाल्लं.

फोड बरे झाले. त्या जागी पांढरेशुभ्र केस उगवले. बत्ताशाचा रंग मुळातच पांढरट, त्यामुळे लांबून दिसत नाहीत. मला जागा माहीत आहे.

दीड महिन्यानंतर काल सकाळी संस्कृतीने मला खुंटीवरून उतरवलं. उलटं केलं, डोळे मिटून दोन्ही गाद्यांवरून हात फिरवला. मग मला घेऊन ती बत्ताशाकडे गेली. मला पाहताच त्याने कान मागे टाकले आणि भिंतीला चिकटेपर्यंत मागे सरला. मी त्याला बोलवू शकत नव्हतो. आता माझ्यात लोकरीशिवाय काही नाही, हे मी त्याला कुठल्या तोंडाने सांगणार?

दाराशी उभ्या दिग्विजय सरांचा हात सवयीने खिशातल्या फळ्याच्या पेनकडे गेला. "ही नवीन एक..."

"सर," संस्कृती म्हणाली, "ही त्याची खोड नाही."

सरांनी पेन परत खिशात ठेवलं. तिने मला त्याच्यापासून चार हातांवर जमिनीवर ठेवलं, आणि माझ्याशेजारी मांडी घालून बसली. काल तो आला नाही. आज सकाळी दोन पावलं पुढे आला, मला हुंगलं, आणि परत गेला. ती उद्याही बसणार आहे. छडी तिने कुंपणाच्या पलीकडे उसात फेकून दिली आहे.

मला घाई नाही. त्याने मला पाठीवर घ्यावं असा माझा हक्कही नाही. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे, आणि ते मी हात जोडून नाही, रागावूनच मागतो. मुक्या जनावराच्या खोडी फळ्यावर लिहायला घ्याल, तेव्हा आधी मला उलटं करून बघा.